नाव नंतर, तोंड आधी: क्वचित मिळणारे छोटे लोच ओळखायचे कसे, सांभाळायचे कसे

'ड्वार्फ लोच, मिश्र' अशी चिठ्ठी लावलेल्या टाकीतून मी एकदा आठ मासे आणले. सगळे बोटाच्या पेराहून जरा मोठे, तपकिरी, ठिपकेदार. घरच्या टाकीत गोटे होते आणि जोरदार पंप होता. लोच हे गोड्या पाण्यातले, मिशावाले, बहुतेक तळाशी राहणारे मासे. पण लोच म्हणजे ओढ्यातला मासा, एवढंच तेव्हा माझं ज्ञान. आठवडाभरात प्रकार लक्षात आला. दोघे प्रवाहात मजेत होते आणि बाकीच्यांना हाकलत होते. तिघांना अंग लपवायला वाळू हवी होती. ती नव्हती, म्हणून ते फिल्टरच्या मागे घुसून बसले. उरलेले तिघे स्वभावाने पाण्याच्या मधोमध तरंगणारे, ते झोतात पाचोळ्यासारखे भिरभिरत होते. एका चिठ्ठीखाली मी तीन तऱ्हेचे मासे आणले होते.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. आधी तोंड बघायचं, अंगाचा आकार बघायचा, कुळ ठरवायचं. कुळ कळलं की वाळू की गोटे, प्रवाह किती, पाणी कोमट की थंड, हे बरंचसं आपोआप ठरतं. प्रजातीचं नाव निवांतपणे शोधता येतं, आणि कधी सापडलंच नाही तरी मासा त्यावाचून मरत नाही. चुकीच्या टाकीने मात्र मरतो.

पहिली पायरी: जाळी बाजूला ठेवा

लोच पकडायला जाळी वापरू नका. बोटीडी आणि कोबिटिडी या दोन कुळांतल्या माशांना डोळ्याखाली किंवा जरा पुढे एक काटा असतो. एरवी तो खाचेत मिटलेला असतो. मासा घाबरला की ताठ उभा राहतो आणि जाळीच्या विणीत अडकतो. ओढाल तर डोळ्याजवळची कातडी फाटेल. पारदर्शक डबा पाण्यात आडवा धरा आणि दुसऱ्या हाताने माशाला हळूच त्यात वळवा. चुकून काटा जाळीत अडकलाच तर जाळी पाण्यातच राहू द्या. बहुतेक वेळा थोड्या वेळाने मासा काटा मिटतो आणि सुटतो. नाहीच सुटला तर कात्रीने जाळी कापा. जाळी नवी मिळते.

याच काट्याने प्लास्टिकची पिशवीही फुटते. दुकानातून आणताना एकात एक दोन पिशव्या मागा.

दुसरी पायरी: तीन फोटो

टाकीतल्या धावत्या माशाच्या फोटोवरून ओळख पटणं जवळपास अशक्य. मासा एका अरुंद, सपाट बाजूंच्या पारदर्शक डब्यात त्याच्याच टाकीच्या पाण्यात घ्या आणि दोन-तीन मिनिटांत काम उरका. एक फोटो बरोबर बाजूने, एक वरून, एक तोंडाचा जवळून. जमलं तर डबा उचलून खालून चौथा. मागे फिकट राखाडी कागद धरा. पांढऱ्या कागदावर कॅमेरा गोंधळतो आणि माशाचे पट्टे काळेकुट्ट येतात. डब्याला बाहेरून एक पट्टी चिकटवली की लांबीही कळते.

घाबरलेल्या लोचचा रंग उडतो. त्यामुळे डब्यातल्या फोटोत फक्त आकार बघा. रंग आणि नक्षीसाठी तो टाकीत स्थिरावल्यावर, काही दिवसांनी पुन्हा फोटो काढा.

तिसरी पायरी: कुळ ठरवा

डोळ्याखाली काटा आहे का? तो मिटलेला असला तरी चांगल्या फोटोत डोळ्याखाली बारीक वाकडी रेघ दिसते. टोचून बघू नका. काटा असेल तर बोटीडी किंवा कोबिटिडी. बोटीडीचं अंग उंच, बाजूंनी चपटं, शेपटी स्पष्ट दुभंगलेली. कोबिटिडीतले बरेचसे लांबट, काही तर अगदी दोरीसारखे, आणि शेपटी गोल किंवा सरळ कापल्यासारखी.

काटा नसेल तर अंगाकडे बघा. पोट सपाट, छातीचे आणि पोटाचे पर आडवे पसरून पंख्यासारखे झालेले, मासा काचेला चिकटून बसतो: हे हिलस्ट्रीम लोच (डोंगरी ओढ्यांतले), म्हणजे बालिटोरिडी किंवा गॅस्ट्रोमायझॉन्टिडी. अंग साधारण गोल आणि तोंडाभोवती तीन जोड्या मिशा असतील, तर बहुधा नेमाकिलिडी. दुर्मिळ म्हणून येणाऱ्या लहान लोचपैकी खूप मासे या कुळातले असतात आणि डोकेदुखीही इथेच जास्त. या कुळातल्या एकट्या शिस्टुरा वंशात (वंश म्हणजे कुळातला जवळच्या प्रजातींचा गट) दोनशेहून जास्त प्रजाती आहेत, आणि त्यांतल्या असंख्य प्रजातींच्या अंगावर उभे पट्टे आणि शेपटीच्या बुडाशी काळी पट्टी असते. मासा कुठल्या नदीतून आला हे माहीत नसेल तर 'शिस्टुरा' एवढ्यावर थांबण्यात कमीपणा नाही. उलट फक्त पट्टे मोजून छातीठोकपणे प्रजाती सांगणाऱ्याकडे जरा सावधपणेच बघावं.

मिशा मोजायला खालचा फोटो लागतो. वरच्या ओठापुढे किती, तोंडाच्या कोपऱ्यात किती, हनुवटीखाली काही लोंबतंय का, हे वेगवेगळं लिहून ठेवा. खरखरीत खडीवर राहिलेल्या माशाच्या मिशा झिजून बुंधे उरतात, तेव्हा एका माशावरून निकाल देऊ नका. गटातल्या दोन-तीन माशांच्या मिशा बघा.

नावांबद्दल थोडंसं. नावात 'सीएफ' (cf.) असेल तर अर्थ 'या प्रजातीशी ताडून बघा', 'अफ' (aff.) असेल तर 'हिच्या जवळची, पण हीच नव्हे', आणि 'एसपी' (sp.) म्हणजे वंश कळला, प्रजाती ठरलेली नाही. ही अक्षरं प्रामाणिकपणाची खूण आहेत. चिठ्ठीवर ती दिसली तर मी तरी त्या दुकानदाराला दोन गुण जास्त देतो.

हाती लागण्याजोगे काही छोटे लोच, जवळून

रोझी लोच. माझा सगळ्यात लाडका. म्यानमारमधला, जेमतेम तीन सेंटिमीटरचा. व्यापारात तो बरीच वर्षं युन्नानिलस या नावाने फिरला. आता बरेचदा पेट्रुइक्थिस या वंशात धरला जातो. नर आणि मादी इतके वेगळे दिसतात की लोक दोन प्रजाती समजतात: नर गुलाबी-तांबूस आणि बाजूवर एक गडद रेघ, मादी ठिपकेदार आणि गुबगुबीत. माझ्या पहिल्या आठांतले झोतात भिरभिरणारे तिघे हेच होते. लोच असूनही हे तळाला बसत नाहीत, वनस्पतींच्या आसपास घोळक्याने तरंगतात. प्रवाह मंद, पाणी २० ते २५ अंश, आणि आठ-दहांचा गट.

ड्वार्फ चेन लोच, म्हणजे अंबास्टाया सिडथिमुंकी. १९५९ मध्ये बोटिया म्हणून वर्णन झालेला; अंबास्टाया हा वंश २०१२चा. बोटीडी कुळातला सगळ्यात बुटका, सहा सेंटिमीटरच्या आत-बाहेर. मूळचा पश्चिम थायलंडमधला आणि निसर्गात धोक्यात आलेला. दुकानात येतात ते बहुतेक फार्ममध्ये, हॉर्मोन देऊन प्रजनन करवलेले. त्याच्या जागी त्याचा भाऊ अंबास्टाया नायग्रोलिनियाटा गळ्यात पडू शकतो. पिल्लं बघून ओळखा: सिडथिमुंकीच्या दोन सेंटिमीटरच्या पिल्लावरही पाठीची आणि बाजूची रेघ आडव्या दुव्यांनी जोडून साखळी झालेली असते. नायग्रोलिनियाटाच्या पिल्लावर दोन स्वच्छ समांतर रेघा असतात, दुवे वाढत्या वयात येतात. फरक नुसत्या नावाचा नाही, दुसरा थोडा मोठा होतो, म्हणजे टाकीही थोडी मोठी. सिडथिमुंकी दिवसाढवळ्या हुंदडणारा आहे. तो सतत लपून राहत असेल तर गट लहान आहे किंवा पाण्यात काहीतरी बिनसलंय.

कुहलीच्या टाकीतले पाहुणे. 'कुहली' म्हणून विकला जाणारा दोरीसारखा मासा बऱ्याचदा पॅन्जियो कुहली नसून पॅन्जियो सेमिसिंक्टा असतो, ते असो. खरी मजा त्यांच्यात चुकून मिसळून आलेल्या माशांत. सगळ्यांत बारीक असा एखादा दिसला, ज्याचे पट्टे पाचरीसारखे निमुळते होत बाजूच्या मध्यावरच संपतात, तर तो पॅन्जियो क्युनिओव्हिर्गाटा असण्याची शक्यता आहे. तोंड जरा बोथट, अंग ठिपकेदार आणि दोरीपेक्षा जाड असेल तर लेपिडोसेफॅलिक्थिस बघा. या नावाचा अर्थच 'डोक्यावर खवले असलेला मासा'. त्याच्या प्रौढ नराच्या छातीच्या पराचे सातवा आणि आठवा असे दोन आरे बदलून जाड झालेले असतात. वरून काढलेल्या फोटोत ते दिसतं. पॅन्जियो वंशाबद्दल एक विषयांतर. केरळमधल्या एका विहिरीत सापडलेल्या, पाठीवर आणि पोटाला परच नसलेल्या बारीक लोचला २०१९ मध्ये पॅन्जियो भुजिया असं नाव मिळालं, आपल्या खायच्या भुजियावरून. पाळायचा मासा नाही तो, पण नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

झोडिअॅक लोच, मेसोनिमाकिलस ट्रायँग्युलॅरिस. दक्षिणेकडच्या सह्याद्रीतला, सहा सेंटिमीटरपर्यंतचा, पिवळसर अंगावर काळ्या कडांचे तिरके पट्टे. देखणा आणि तापट. प्रत्येकाला स्वतःचा दगड लागतो. दगड माशांपेक्षा कमी असतील तर रोज भांडण.

ड्वार्फ झिपर लोच, पॅराकँथोकोबिटिस झोनाल्टर्नन्स आणि त्याचे जवळचे नातेवाईक. शेपटीच्या बुडाशी वरच्या अंगाला डोळ्यासारखा काळा ठिपका ही वंशाची खूण. नराच्या डोळ्याखाली मांसल पडदी असते; तिला काटा समजून मासा कोबिटिडीत टाकण्याची चूक मी केली आहे. काटा टोकदार आणि खाचेत मिटणारा असतो, पडदी जाड आणि कायम बाहेर.

बार्बुका डायबोलिका, तीन सेंटिमीटरच्या आतला. टॉर्च मारला की डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात, सैतानी नाव त्यावरूनच, १९८९चं. मिळाला तर वाळू, वाळलेली पानं, मऊ (कमी क्षारांचं) पाणी आणि शांत शेजारी द्या.

चौथी पायरी: टाकी कुळाप्रमाणे

सगळ्यांना सारखं लागतं ते आधी. लांबी आणि रुंदी महत्त्वाची, उंची नाही. तीन-चार सेंटिमीटरच्या प्रजातींच्या गटाला ६० बाय ३० सेंटिमीटरचा तळ पुरतो. सिडथिमुंकी किंवा झोडिअॅकला मी ९० खाली जात नाही. झाकण पूर्ण बंद हवं, पाइपसाठी ठेवलेल्या फटीतही स्पंजचा तुकडा कोंबा. लोच काच चढतात, फटी शोधतात, आणि सकाळी फरशीवर सुकलेले सापडतात. पाण्यात अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला वीस मिलिग्रॅमच्या आत, दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदल. नव्या टाकीत लोच सोडू नका.

वाळूतले लोच, म्हणजे पॅन्जियो, लेपिडोसेफॅलिक्थिस आणि मंडळी: दाणा एक मिलिमीटरच्या आतला, गुळगुळीत. ओली वाळू तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने चोळा. कातडीला टोचली तर माशाच्या मिशांनाही टोचणार. त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका, फेस आला तर तिच्यात चुना आहे आणि ती पाणी कठीण करेल. थर तीन-चार सेंटिमीटर पुरे, वर वाळलेली पानं आणि लाकूड. प्रकाश मंद. तापमान २४ ते २८. हे मासे अधूनमधून सुसाट वर जाऊन हवेचा घोट घेतात आणि थोड्या वेळाने मागच्या बाजूने बुडबुडा सोडतात. आतड्यातून श्वास घेण्याची ही त्यांची रीत, घाबरू नका. मात्र सगळा गटच एकसारखा वर-खाली करायला लागला तर पाण्यात ऑक्सिजन कमी पडतोय.

हिलस्ट्रीम लोचने तसं केलं तर ती धोक्याची घंटाच. त्यांना आतड्याचा आधार नाही. वाहतं, थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी हाच त्यांचा आधार. २० ते २४ अंश, आणि टाकीतलं पाणी तासाला दहा ते वीस वेळा फिरेल एवढा प्रवाह, तोही एकाच दिशेने. त्यासाठी एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला स्पंज, आणि वाळूखालून दोघांना जोडणारा पाइप: पंप त्या पाइपमधून पाणी ओढतो आणि वरून परत ढकलतो. शेवाळ हा त्यांचा अर्धा आहार, म्हणून टाकीत काही गोटे असतात तेव्हा दुसरे काही उन्हातल्या टबात पाण्याखाली ठेवावेत आणि हिरवे झाले की अदलाबदल करावी.

नेमाकिलिडी या दोघांच्या मधे बसतात. शिस्टुरा आणि झोडिअॅकला प्रवाह, दगड, आणि दगडांच्या अशा रांगा की एकाला दुसरा दिसणार नाही. रोझीला यातलं काहीच नको, त्याला वनस्पती आणि शांतता. इथे कुळाचं नाव पुरत नाही, वंशापर्यंत जावं लागतं.

पाचवी पायरी: वेगळी टाकी, चार आठवडे

नवे मासे आधी चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. निसर्गातून पकडून आणलेले लोच बहुधा पोटात जंत घेऊनच येतात. मासा खातो पण रोडावतो, वरून पाहिलं तर डोक्यामागे अंग चिमटीत धरल्यासारखं आत गेलेलं. दर आठवड्याला वरून फोटो काढून ताडून पाहा, डोळ्यांवर विसंबू नका. रोज बघणाऱ्याला रोडावणं दिसत नाही.

गोल जंतांवर लेवामिसोल चालतं: दर लिटरला २ मिलिग्रॅम, २४ तास, दिवे बंद आणि टाकीवर चादर, कारण उजेडाने औषध निकामी होतं. मग निम्मं पाणी बदलून तळ नळीने नीट उपसा, नाहीतर लुळे होऊन पडलेले जंत मासे पुन्हा खातात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. हिशोब टाकीच्या मापावर नको, खऱ्या पाण्यावर करा. ६० बाय ३० च्या टाकीत पाणी ३२ सेंटिमीटर भरलं तर साडेसत्तावन्न लिटर. वाळू-दगड वजा जाता ५० धरा, म्हणजे १०० मिलिग्रॅम. गुरांसाठीच्या लेवामिसोलमध्ये कित्येकदा ऑक्सिक्लोझानाइडही असतं, तसलं नको. पाकिटावर घटक वाचा.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला तर लोच सगळ्यांच्या आधी दाखवतात. मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मेलिनचं औषध निम्म्या मात्रेत आणि जास्त दिवस द्या. तांबं असलेली औषधं टाळा. बारीक किंवा कातडीत गाडलेल्या खवल्यांमुळे औषध त्यांना लवकर बाधतं. पॅन्जियो आणि बोटीडींसाठी पाणी हळूहळू २८-३० पर्यंत तापवता येतं. हिलस्ट्रीमसाठी हा उपाय करू नका, रोगाआधी उष्णता मारेल.

वेगळ्या टाकीत वाळूची एक बशी आणि दोन-चार पाइपचे तुकडे ठेवा. अगदी उघड्या काचेवर लोच खात नाहीत.

सहावी पायरी: खाणं

तोंडाचं माप लक्षात घ्या. रोझी किंवा बार्बुका अख्खी गोळी नुसती तोंडाने ढकलून सोडून देतात, आणि आपण म्हणतो 'खाल्लं'. नुकतीच उबलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवाची पिल्लं) अर्ध्या मिलिमीटरची असते, ती या तोंडांना बरोबर. सोबत मायक्रोवर्म, गोठवलेले सायक्लॉप्स, भिजवून चुरलेल्या गोळ्या. मोठे लोच असतील तर ग्रिंडल वर्म आणि बारीक चिरलेले ब्लडवर्म. पॅन्जियोला दिवा मालवल्यावर अर्ध्या तासाने द्या. वर चपळ मासे असतील तर लांब पिपेटने थेट तळाशी सोडा, नाहीतर लोचच्या वाट्याला वासच येतो.

लोच उष्टं खाऊन टाकी साफ ठेवतात, हा समज कुठून आला कोण जाणे. तळाशी साचलेलं खाणं त्यांच्याच मिशांजवळ कुजतं.

फिल्टर उघडण्याआधी

फिल्टरच्या तोंडावर बारीक छिद्रांचा स्पंज लावा. हे मी उशिरा शिकलो. एका रोझी गटातले चार मासे महिनाभर दिसले नाहीत. मेले असं धरून चाललो होतो. कॅनिस्टर (टाकीबाहेरचा डब्यासारखा फिल्टर) धुवायला उघडला तर तळाच्या गाळात चौघंही जिवंत, टाकीतल्यांपेक्षा जाडजूड.

पॅन्जियो कधी कधी घरच्या टाकीत अंडी घालतात, हिरवीगार, वरच्या तरंगत्या वनस्पतींच्या मुळांत. सेवेलिया लिनिओलाटा हा हिलस्ट्रीम लोच तर जुन्या, शेवाळलेल्या टाकीत अगदी गाजावाजा न करता पिल्लं देतो. दोन्हींची पिल्लं पहिल्यांदा दिसतात ती बऱ्याचदा फिल्टरमध्ये किंवा स्पंजच्या आड. म्हणून स्पंज नळाखाली पिळायची सवय मोडा. पांढऱ्या परातीत टाकीचंच पाणी घ्या, स्पंज त्यात हळूहळू दाबा, गाळ खाली बसेपर्यंत पाच मिनिटं थांबा आणि टॉर्चचा उजेड तिरका टाका. हलणारी काडी दिसली तर चमच्याने उचला. जाळी नको.